दसऱ्याचे पट्टे

पीएचडी करतो म्हटलं की विरारमध्ये लोक आदरानं बघतात. बरीच वर्षं करतोय म्हटलं की कीव करतात. मी, सुधाकर, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा, २००६ साली दुसऱ्या गटात मोडत होतो. दिवाळीपर्यंत निकाल दाखवला नाहीस तर नोंदणी रद्द, असं माझे मार्गदर्शक पॉल सर यांनी बजावलं होतं.

विषय होता भिंगाशिवाय चित्र मिळवण्याचा, तेही दिव्या-उन्हासारख्या विस्कळीत प्रकाशात. तो प्रकाश आम्ही लेझरपासून बनवायचो: लेझरपुढे घासलेली दुधी काच फिरवायची. मग दोन बारीक फटींमागच्या कॅमेऱ्यात नुसता ठिपक्यांचा शिमगा. असे हजारो फोटो संगणकानं ताडून पाहिले की त्यातून उजळ-काळे पट्टे निघायला हवेत. माझे निघत नव्हते.

दसऱ्याच्या सुट्टीत मी सगळं सामान घरी आणून मागच्या खोलीत मांडलं. संध्याकाळी बघतो तर लेझर-काचेच्या डब्यावर हळदकुंकू, झेंडूचं फूल. आईनं पूजा केली होती. शास्त्रज्ञाला शोभेलसं हसून मी फूल बाजूला केलं, बटण दाबलं, आणि समोर लख्ख पट्टे. संगणक न लावताच! असं होऊच शकत नाही, हे मी स्वतः वर्गात शिकवतो. पण तेव्हा माझ्या अंगात नवरदेव संचारला होता. सरांना फोन केला, सोसायटीत पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सर राजोडीहून आले. पट्टे बघितले आणि डबा उघडला.

"दुधी काच कुठाय?"

"ही काय सर, फिरतेय."

"फिरतेय खरी. पण हिच्यातून मला तुझं नाक दिसतंय."

दारातून आई म्हणाली, "किती मळकट झाली होती ती. पूजेआधी शिवणयंत्राला तेल दिलं, तेव्हा तिलाही तेलाच्या फडक्यानं पुसून घेतली."

तेल लागलं की दुधी काच पारदर्शक होते. म्हणजे माझा विस्कळीत प्रकाश नव्हताच. होता साधा लेझर, ज्यानं बारावीचा पोरगाही पट्टे पाडतो. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

"काच धू," सर म्हणाले. "दिवाळी अजून यायचीय."

ते गेल्यावर आई चेहरा पाडून बसली. "काल इतका खूश होतास. ते माझ्या पूजेनं दिसलं ना रे?"

मला भरून आलं. इतकी वर्षं मी तिला नुसतं 'दिसेल, दिसेल' म्हणत झुलवलं होतं.

"हो आई," मी म्हणालो, "तुझ्या पूजेनंच."

माझ्या सगळ्या संशोधनात निर्विवाद खरं ठरलेलं हे एकच विधान.