जन्मगावाचा रकाना

फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात शिकवत होतो. डायलिसिस सेंटरमधल्या सिस्टर म्हणाल्या, "सर, मावशींचं बीपी एकदम पडलंय, तुम्ही लगेच निघा." हातातला खडू खिशात तसाच राहिला आणि मी मोटरसायकल काढली. पोहोचलो तेव्हा मशीन बंद केलेलं होतं. अक्का डोळे मिटून पडली होती, दंडावरची पट्टी अजून ओली होती. कुणीतरी तिच्या चपला कॉटखाली नीट जोडून ठेवल्या होत्या... मालनअक्काला जाऊन आता पाच आठवडे झाले. रोज लिहायला बसतो आणि उठतो. आज लिहितोय, कारण तिच्या शेवटच्या दिवसांत मी तिच्याशी एक खोटं बोललो आणि ते मला एकट्याला सांभाळता येत नाही.

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आमचं गाव सांगोला तालुक्यात. चार मेंढरं आणि पाऊस पडला तर ज्वारी देणारी जमीन, एवढंच घर. अक्काचं लग्न सोलापुरात झालं. दाजी यंत्रमागावर होते, ते क्षयानं लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. पाचवीपासून मी तिच्याकडेच शिकायला होतो. ती एका कारखान्यात टॉवेलच्या काठांना शिलाई मारायची. बरोबरच्या बाया तेलुगू बोलणाऱ्या, त्यामुळं तीही फर्डं तेलुगू शिकली होती. माझ्यावर चिडली की मुद्दाम तेलुगूतून बोलायची. म्हणजे तिचा राग मोकळा व्हायचा आणि मला शिव्या कळायच्या नाहीत. माझा अभ्यास तिला समजत नसे, पण मी वाचत असेपर्यंत समोर बसून राहायची, डुलक्या काढत. मी शिक्षक झालो तो तिच्या त्या बसण्यामुळं.

एक गोष्ट मात्र आम्हाला कधी उमगली नाही. माझी मुलगी झाली तेव्हा अक्कानं तिला न्हाऊमाखू घातलं, तिचे लंगोट धुतले, तिच्यासाठी रजा काढल्या. पण तिला कधी भरवलं नाही. माझी बायको वाटी पुढं करून म्हणायची, "अक्का, दोन घास घाला हिला." की ही हात मागं घ्यायची. "तू घाल बाई, माझ्या हाताला गुण न्हाय." आम्ही हसायचो. म्हणायचो, एकेकाचा स्वभाव असतो.

दोन उन्हाळ्यांपूर्वी मुलीच्या जात पडताळणीसाठी वंशावळ लिहून द्यायची वेळ आली. पणजोबापर्यंतची नावं हवी होती. वडील कधीच वारले होते, आईला सासऱ्यापलीकडचं आठवत नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, हेळव्याला बोलवा. आमच्या भागात हेळवी पिढ्यान्‌पिढ्या घराघराच्या वंशावळी सांभाळतात. तीन-चार वर्षांनी येतात, वंशाची नावं वाचून दाखवतात, नवी लिहून घेतात, धान्य-कापड घेऊन जातात. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता हा टेम्पोतून आला. अक्काचं डायलिसिस तेव्हा सुरू झालेलं होतं, आठवड्यातून दोनदा, तरी ती हट्टानं गावी आली. "आपल्या वाडवडलांची नावं मला बी ऐकू द्या की," म्हणाली.

ओसरीत घोंगडं अंथरलं. हेळव्यानं चोपडी उघडली आणि कानडी हेल काढत वाचायला लागला. सात पिढ्या आल्या. मी कागदावर उतरवत होतो. शेवटी तो म्हणाला, "इठोबाला ल्योक दोन. थोरला म्हादू. धाकटा संभाजी."

संभाजी मी. म्हादूबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की माझ्या आधी एक भाऊ झाला होता आणि बहात्तरच्या दुष्काळात तो गेला. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे.

अक्का हळूच म्हणाली, "त्यो तान्हा असतानाच वारला, काका. त्याचं नाव कशापायी ठेवलंय?"

हेळव्यानं बोट ओळीवर ठेवलं. "वारला न्हाय, बाई. वारला असता तर तसं लिवलं असतं. हितं 'दिला' लिवलंय. दुष्काळी कामावरचा मुकादम, मोहोळचा. तुज्या बापानंच माज्या बापाला सांगितलेलं हाय."

अक्का उठली. भिंतीला धरत धरत आत गेली. आई मटकी निवडत बसली होती. मी मागोमाग दारात जाऊन थांबलो.

"आई, म्हादू कुटं हाय?"

आईचे हात थांबले नाहीत. तशीच निवडत म्हणाली, "कुनी सांगितलं?"

"गेला म्हनली हुतीस मला."

"मग काय सांगू? जित्ता हाय म्हनलं असतं तर तू त्याला आनायला पळत सुटली असतीस." आई आता खडे आणि मटकी एकाच ढिगात टाकत होती. "माज्या अंगावर दूध न्हवतं. तुजा बाप तापानं पडलेला. पोरगं हातात वाळत चाललं हुतं. मुकादमाच्या बायकूला पोर न्हाय. तिनं उचललं आन् म्हनली, मी जगवते ह्याला. मी दिलं. डागदराकडं नेते म्हनून नेलं आन् दिलं..."

अक्का खाली बसली. "आई, मला वाटत हुतं मीच मारलं त्याला."

मग पहिल्यांदा ते बाहेर आलं. अक्का तेव्हा आठ वर्षांची. आई-वडील खडी फोडायचे आणि ही बाभळीला बांधलेल्या झोळीतल्या म्हादूला सांभाळायची. कामावर खायला मिळणारी सुकडी, म्हणजे भाजलेलं गोडसर पीठ, ती आपल्या वाट्यातून पाण्यात कालवून त्याला चाटवायची, कारण तो रडायचा थांबत नव्हता. एके दिवशी त्याला उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी आई त्याला घेऊन गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. "गेला," एवढंच म्हणाली. आठ वर्षांच्या पोरीनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं, की आपण भरवलं म्हणून तो मेला.

आईनं मटकी बाजूला सारली. "अगं येडे... त्या सुकडीवरच तर त्यो तगला. न्हाय तर मुकादमाच्या बायकूच्या हातात द्यायला बी राहिला नसता. पन्नास वरसं ह्ये पोटात घिऊन बसलीस? इचारायचंस की मला!"

"मरनाचं कसं इचारायचं, आई?"

परतीच्या एसटीत अक्का खिडकीला डोकं टेकून होती. तशीच म्हणाली, "संभा, मी तुज्या दाजीला पोर हूच दिलं न्हाय रं. गोळ्या खायची. त्यो बिचारा देवाला नवस बोलत बोलत गेला..." मी तिचा हात धरला.

त्या दिवसापासून तिनं म्हादूला शोधायला सुरुवात केली. ते शोधणं मी जवळून पाहिलं आहे आणि अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी माणसाला उठवत नाही. ही उठायची, मोहोळची एसटी धरायची. हाताशी होतं काय? मुकादम आणि मोहोळ, दोन शब्द. आईला त्याचं आडनाव आठवत नव्हतं. दिलेल्या मुलाचं नाव त्यांनी काय ठेवलं, तेही माहीत नव्हतं. मोहोळातल्या म्हाताऱ्यांना ती पारावर, दवाखान्यात, बाजारात गाठून विचारायची. पन्नास वर्षांपूर्वीचा मुकादम कुणाला आठवणार? एकदा स्टँडवर चक्कर येऊन पडली. लोकांनी मला फोन केला. मी रागावलो, "अक्का, मरशील अशानं." ती म्हणाली, "मग लवकर घावायला पायजे."

शाळेची कल्पना तिचीच. मी स्वतः शिक्षक, पण मला ती सुचली नाही. मोहोळ आणि आजूबाजूच्या गावांच्या शाळा धरून आम्ही दोघं फिरलो. दोन ठिकाणी आम्हाला दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या शाळेतल्या क्लार्कनं खुर्ची दिली.

"मुलाचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"म्हाईत न्हाय," अक्का म्हणाली.

"आडनाव?"

"ते बी न्हाय."

"मग मी शोधू काय, बाई?"

"जन्मगावाचा रकाना असतोय की तुमच्या वहीत. तिथं आमच्या गावाचं नाव बघा. मानूस खरं असंल तर खरं गाव लिवलं असंल."

क्लार्क उठले आणि त्यांनी जुनं जनरल रजिस्टर कपाटातून काढलं. पानं विटलेली, कडा कुरतडलेल्या. बोट त्या एका रकान्यावरून खाली खाली जात होतं... मोहोळ, मोहोळ, मोहोळ. अक्काचा श्वास मला ऐकू येत होता. आणि मग आमच्या गावाचं नाव आलं. आमच्या तीनशे उंबऱ्यांच्या गावाचं नाव, तिथं, दुसऱ्याच्या शाळेत. सुरेश. वडिलांचा धंदा, मुकादम. अक्कानं त्या अक्षरांवर तळहात ठेवला आणि कितीतरी वेळ उचलला नाही. क्लार्क बाहेर जाऊन उभे राहिले.

आडनाव मिळाल्यावर पुढचा माग सोपा होता. मुकादम वारलेले, त्यांची बायको जिवंत, मुलगा सोलापूर-मोहोळ रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीत कामाला. अक्का म्हणाली, "त्यांच्या घरी जाऊ नगंस. म्हातारीनं वाढवलंय त्याला, तिच्या काळजाला लागंल. त्यालाच एकट्याला गाठ."

कंपनीच्या गेटासमोरच्या टपरीवर मी त्याला भेटलो. बावन्न वर्षांचा, पिकलेल्या मिशांचा, शांत माणूस. मी सांगत गेलो, तो चहाच्या कपाकडं बघत ऐकत गेला. मग म्हणाला, "मला म्हाईत हाय. शाळंतली पोरं चिडवायची. पन आईला मी कधी इचारलं न्हाय आन् तिनं कधी सांगितलं न्हाय. ती हाय तवर मला दुसरी आई नको."

"आई राहू द्या. पण अक्काला एकदा भेटा. ती लई आजारी आहे. तिला वाटत होतं की..."

भोंगा वाजला. सुकडीचं मला सांगायचं होतं, तेच राहिलं. त्यानं माझा नंबर घेतला. "बघतो," म्हणाला आणि आत गेला.

अक्काला मी म्हटलं, येतो म्हणालाय. तिनं आपली भाड्याची खोली झाडून घेतली, नवी चादर घातली. दोन महिने ती प्रत्येक पावलाला कान द्यायची. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, बोलताना धाप लागायची. एक दिवस स्वतःच म्हणाली, "न्हाय येत त्यो, व्हय ना? खरं सांग." मी तिच्या पायांवर चादर ओढली. "बरं. येऊ नगं दे. मला लांबनं दाव. मी हाक बी मारत न्हाय."

रिक्षा करून मी तिला गेटावर नेलं. पाळी सुटली. एकाच निळ्या रंगाचे गणवेश, डोक्यावर हेल्मेट, तोंडाला रुमाल, गाड्यांमागून गाड्या. मी एकेक चेहरा शोधत होतो, तो मला दिसेना. अक्का रिक्षाच्या दांडीला धरून पुढं वाकली होती. "कुठला? संभा, कुठला रं? ग्येला का? सांग की!" तिचा आवाज चिरकला. शेवटच्या चार-पाच गाड्या उरल्या. मी बोट केलं. "तो बघ, काळ्या हेल्मेटवाला."

तो कोण होता, मला आजही माहीत नाही.

अक्का त्याच्या पाठीकडं बघत राहिली, गाडी हायवेला लागून दिसेनाशी होईपर्यंत. मग मागं टेकली. "अंगानं चांगला हाय," म्हणाली. "खात असंल पोटभर." त्यानंतर नऊ दिवसांनी ती गेली.

तिला जाऊन सोळा दिवस झाले आणि फोन आला. "मी सुरेश बोलतोय, मोहोळहून. आईला सांगितलं मी. तीच म्हनली, जा, बहिनीला बघून ये. रविवारी रजा टाकून येऊ का?" तो हॅलो, हॅलो करत राहिला. मी अक्काच्या खोलीचा पत्ता सांगितला आणि एवढंच म्हणालो, "या."

रविवारी तो आला, हातात केळ्यांची पिशवी. दारातच त्याला हार घातलेला फोटो दिसला. पिशवी तशीच हातात धरून उभा राहिला. "कवा?" त्यानं विचारलं. मी सांगितलं.

"मग फोनवर का न्हाय बोललासा?"

"बोललो असतो तर तुम्ही आला नसता."

कॉटवर बसा म्हटलं तर बसला नाही. खाली, भिंतीला टेकून बसला. मी त्याला सगळं सांगितलं, सुकडीपासून. तो गुडघ्यावरची मूठ आवळत, सोडत होता. गेटावरच्या दिवसापाशी मी आलो आणि थांबलो. मग तेही सांगितलं. कुणावर बोट केलं, तेही.

"कुठला वार हुता?"

"मंगळवार."

"मंगळवारी मला सुट्टी असती," तो म्हणाला. "मी घरी हुतो." तो फोटोकडं वळला. "चौदा म्हैने हिंडली व्हय? आन् मी हितं एसटीच्या वाटंवर... तीस वरसं त्याच गेटात जातोय. तिनं बघितलं बी असंल मला एखाद्या वेळी, खिडकीतनं."

आईला भेटायचं का, मी विचारलं. "आज नको," म्हणाला.

जाताना उंबऱ्यावर थांबला. "खोली सोडनार का तुमी?"

महिनाअखेरीला सोडायची ठरवली होती. मी नाही म्हणालो.

तेव्हापासून दर मंगळवारी तो येतो. किल्ली शेजारच्या बाईकडं ठेवलेली असते. शाळा सुटल्यावर मी जातो तेव्हा दार उघडं असतं, झाडलोट झालेली असते आणि तो भिंतीला टेकून बसलेला असतो. आम्ही फार बोलत नाही. परवा त्यानं विचारलं, अक्का चिडायची का कधी? मी म्हटलं, चिडायची, तेलुगूतून चिडायची. तो हसायला लागला, आणि हसता हसताच तोंडावर दोन्ही हात घेऊन बसला.