उजवीकडची तिसरी फांदी

नंदूला मी शेवटचं पाहिलं ते दवाखान्यात, आणि तेव्हा तो एका नर्सला रस्ता सांगत होता. ती बिचारी सलाईनसाठी नस शोधत होती. नंदूचे दोन्ही हात खांद्यापासून बोटांपर्यंत गोंदलेले. कुठे वेल, कुठे मासे, कुठे वाघ. कातडीचा मूळ रंग फारसा शिल्लकच नव्हता. “काका, नस दिसतच नाय हो,” ती म्हणाली. “वाघाच्या शेपटीखाली बघ बाई,” नंदू म्हणाला, “मागच्या बारीला तिथंच घावली व्हती.” तिथेच घावली. त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला. मला सुईची भीती वाटते हे त्याला पक्कं ठाऊक, आणि मी आपला भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा होतो. उद्या शाळा सुटल्यावर येतो, असं सांगून निघालो. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला त्याच्या बायकोचा, मंगलवहिनींचा, फोन आला. “भाऊजी… गेले हो हे,” एवढंच त्या म्हणाल्या. फळ्यावर अर्धं गणित होतं. मुलांना काय सांगून बाहेर पडलो ते मला आठवत नाही. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

आम्ही दोघे कन्नड गावचे. एका बाकावर बसलो, एकाच गुरुजींचा मार खाल्ला. पुढे मी मास्तर झालो आणि नंदू पेंटर. त्याचं अक्षर असं की पाटी रंगवून घ्यायला दुकानदार दोन-दोन महिने थांबायचे. सरळ रेघ मारायला त्याला पट्टी लागत नसे, आणि दुसऱ्याची वाकडी रेघ दिसली की त्याला चैन पडत नसे. आमच्या शाळेच्या फलकावर दोन अक्षरांमधली जागा जरा कमी-जास्त झाली होती, तर हा पठ्ठ्या एका रविवारी न सांगता येऊन ती दुरुस्त करून गेला. मग फ्लेक्स आले. छपाईवाला तासाभरात पाटी हातात द्यायला लागला आणि नंदूचे ब्रश डब्यात वाळून गेले. वर्षभर तो नुसता बसून होता. पुढे एका जत्रेत बॅटरीवरचं गोंदायचं मशीन घेऊन बसलेला माणूस त्याने दिवसभर न्याहाळला, आणि घरी येऊन वहिनींना म्हणाला, “पाट्या संपल्या. आता मानसं रंगवतो.”

शिकायला कातडी पाहिजे. ती त्याने स्वतःचीच वापरली. पहिले सगळे फसलेले प्रयोग त्याच्या डाव्या पायावर आहेत… होते. तीन पायांचा घोडा, गुलाब आहे की कोबी ते कळू नये असं एक फूल. पुढे इथे शहरात, मुकुंदवाडी स्टेशनजवळ, त्याने गाळा घेतला, हात बसला, नाव झालं, तरी डाव्या पायाची प्रथा चालूच राहिली. गिऱ्हाइकाच्या अंगावर काही चुकलं, एखादी रेघ हलली, एखादं पान जाड झालं, तर येणाऱ्या मंगळवारी, दुकान बंद असायचं त्या दिवशी, तीच चूक तशीच्या तशी तो आपल्या डाव्या पायावर काढून घ्यायचा. मी त्याला वेड्यात काढलं. तो म्हणाला, “पाटी चुकली तर पुसता येती. हे तर त्यो मानूस मरेस्तोवर घिऊन फिरनार. मंग मी बी फिरलं पाहिजे ना?” नवीन माणूस आला की त्याला खुर्चीत बसवण्याआधी नंदू पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर ओढायचा. “आधी हे बघून घ्या, अन् मंग ठरवा.” काही जण खरंच उठून जायचे. गुडघ्याच्या वरचं मात्र तो कुणाला दाखवायचा नाही. “वरचं खासगी हाय,” म्हणायचा.

बाकीचं अंग त्याने हौसेने भरलं. अंगभर चित्रं घेऊन या शहरात कसं जगावं लागतं, ते मी त्याच्यासोबत फिरून पाहिलंय. कन्नडच्या एसटीत त्याच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची. “बरंय की, पिशवी ठिवाया व्हती,” तो म्हणायचा. नाकाबंदीत इतक्या गाड्यांतून हमखास याचीच बाजूला. पुतणीच्या लग्नात थोरल्या भावाने, अण्णांनी, निरोप धाडला की चार लोकांत यायचं तर बाह्या खाली करून ये. भर मे महिन्यात हा मनगटाची बटणं लावून पंगतीत भात वाढत होता. तरी कॉलरमधून मानेवरची वेल डोकावत होतीच. त्याला किती लागलं असेल, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. लहान पोरं मात्र थेट येऊन वाघाला बोट लावायची, आणि नंदू गुरगुरायचा.

या विषयावर त्याच्याशी बरोबरीने बोलणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे माझी आई. तिच्या उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, बोटभर तुळस गोंदलेली होती. डावीकडे तीन फांद्या आणि उजवीकडे दोनच. नंदूचे भरलेले हात पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती म्हणाली, “आठ वर्साची व्हते, चौघीनी धरून टोचलं रं मला. कुनी इचारलं नाय. अन् तू हौसेनं टोचून घ्यायलास व्हय?” मग तिने त्याला तिसऱ्या फांदीची गोष्ट सांगितली, जी मला, तिच्या पोटच्या पोराला, कधी सांगितली नव्हती. आठवडी बाजारात गोंदणारीण बसली होती. सुया टोचून टोचून हात सुजला, आणि तिसऱ्या फांदीच्या वेळी आईने हात हिसकला आणि पळाली ती थेट ज्वारीच्या उभ्या पिकात. सांजेपर्यंत कुणाला सापडली नाही. फांदी राहिली ती राहिलीच. “काकू, मी पुरी करून दिऊ का? दोन मिन्टाचं काम,” नंदू म्हणाला. आई पदराआड हसली. “कर की कवातरी.” मी तिथेच चहा पीत होतो. ते बोलणं मी थट्टेवारी नेलं.

आई गेली. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि मला काही सुचेना. तिचे फोटो होते, लुगडी होती, पण मला राहून राहून तो हात आठवायचा. त्या रिकाम्या जागेत मला ज्वारीतून धावणारी आठ वर्षांची पोर दिसायची. आयुष्यभर सुईला भ्यालेला मी शेवटी नंदूच्या गाळ्यात जाऊन बसलो आणि म्हणालो, आईची तुळस माझ्या हातावर काढ, होती तशी. फोटो दिला. आधी त्याने त्याच्या शिरस्त्याप्रमाणे निळ्या बॉलपेनने काढून दिली. चार दिवस अंगावर वागवायची, पटली तरच मशीन. मी चार दिवस हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून आंघोळ केली. डावीकडे तीन, उजवीकडे दोन. बरोब्बर. पाचव्या दिवशी डोळ्यांवर रुमाल टाकून खुर्चीत बसलो आणि मनातल्या मनात पाढे म्हणायला लागलो. एकोणतीसच्या पाढ्याला आलो तेव्हा तो म्हणाला, “झालं मास्तर.” रुमाल काढून पाहतो तर उजवीकडे तीन फांद्या!

मी असा भडकलो की बाहेर थांबलेलं गिऱ्हाईक निघून गेलं. “काकूंची राहिली व्हती, म्हनून पुरी केली,” तो म्हणाला. मी म्हटलं, मला ती राहिलेलीच हवी होती. “आरं, पन एका बाजूनं लंगडी दिसती ती!” पेंटरच तो. चूक झाली एवढं तरी कबूल कर, मी म्हटलं. त्याने नकारार्थी मान हलवली. “समद्या चुका कबूल. ही चूक नाय.” अपुरं असेल ते पुरं करता येतं, पण पुरं झालेलं पुन्हा अपुरं कसं करायचं? आईचं जे काही माझ्याकडे उरणार होतं ते याने बिघडवून ठेवलं, असं मला वाटलं आणि मी सहा महिने त्याच्याशी बोललो नाही. शाळेत पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला लागलो. लोकांना वाटलं, मास्तरांना या वयात टॅटूची लाज वाटतेय. मी वाटू दिलं.

पुढे बोलणं सुरू झालं, कारण नंदूशी न बोलता राहणं मला जमेना. पण गाळ्यात पाऊल टाकलं की माझी नजर आधी त्याच्या डाव्या पायावर जायची. त्यावर नवी एखादी चूक असायची, तुळस नसायची. म्हणजे अजून कबूल नाही. असं नऊ वर्षं चाललं. तेवढ्या काळात त्याचा धंदा पार बदलून गेला. आधी विंचू आणि बदाम काढून घेणारी पोरं यायची, मग दंडावरचे पट्टे आले, मग आईबापांचे हुबेहूब चेहरे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना तो हाकलून द्यायचा, “आधी वर्दी घाल अंगावर, मंग ये.” ज्या बायका शहरात आल्यावर गोंदण पदराखाली झाकून घेत, त्यांच्याच नाती आता आजीच्या हाताचा फोटो घेऊन यायला लागल्या. तसा फोटो आला की नंदू मला मुद्दाम फोन करायचा. “मास्तर, आज एक तुळस आलती. व्हती तशी काढली. ठिपका बी वाढवला नाय.” मी म्हणायचो, शहाणा झालास. तो फोन ठेवायचा.

नंदू गेला त्या दिवशी त्याला दवाखान्यातून घरी आणलं. अंगणात चादरी धरून शेवटची आंघोळ घातली. अण्णा कन्नडहून आले होते. ते पाणी घालत होते, मी अंग पुसत होतो. ज्या हातांच्या बाह्या त्यांनी खाली करायला लावल्या, ते हात अण्णांनी कितीतरी वेळ धुतले. दंडावर एका बैलाचं तोंड होतं, एक शिंग मोडकं. “ह्यो तर आपला सर्जा…” अण्णा म्हणाले आणि तांब्या खाली ठेवून उभे राहिले. मी डावा पाय पुसायला घेतला. तीन पायांचा घोडा गेला, कोबी गेला, गुडघा आला. गुडघ्याच्या वर, मांडीवर, बोटभर तुळस होती. डावीकडे तीन फांद्या, उजवीकडे तीन. शाई जुनी होऊन हिरवट पडली होती, माझ्या हातावरची पडलीय तशीच. मी फडकं धरून बसून राहिलो, आणि मग मोठ्याने रडलो. मित्र गेला म्हणून रडलो, आणि नऊ वर्षं मी मूर्खासारखा गुडघ्याखाली शोधत बसलो म्हणूनही.

तेरावा झाल्यावर मी वहिनींना विचारलं. “तुमी भांडून गेलात ना भाऊजी, त्याच मंगळवारी काढली. कापूस मीच देत व्हते,” त्या म्हणाल्या. मग मला सांगितलं का नाही? वहिनींना तशातही हसू आलं. “म्हनले, मास्तरला दिसली तर वर्गात पयला नंबर आल्यावानी करील.” मग म्हणाल्या, “अन् म्हनले, काकूनी सोता ‘कर’ म्हनलं व्हतं. म्हनून पुरती चूक नाय ही, निम्मी हाय. निम्मी चूक लोकांना कशाला दावायची?”

मी घरी येऊन बराच वेळ त्या एका शब्दापाशी अडलो. आईने खरंच ‘कर’ म्हटलं होतं. मीच ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

नंदूचा गाळा अजून बंद आहे. वहिनींनी मला त्याच्या निळ्या बॉलपेनांचा डबा दिला, तो माझ्या टेबलावर असतो. वह्या तपासायला मी तीच पेनं घेतो. शाळेत आता अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून जातो. परवा पहिल्या बाकावरच्या एका मुलीने गणित सोडून माझ्या हाताकडे बघत विचारलं, “सर, हे कशाचं झाड?” तुळस, मी म्हणालो. “कुणाची?” मी खडू खाली ठेवला आणि एकेका फांदीवर बोट ठेवत तिला मोजून दाखवलं. डावीकडच्या तीन आणि उजवीकडच्या दोन, या माझ्या आईच्या. आणि उजवीकडची ही तिसरी… ही आमच्या नंदूची.