खुर्चीत राहिलेली माया

मास्तरांना कोणी जाड म्हटलं तर ते रागवत नसत. "जाड नाही हो," ते म्हणत, "मला कापड जरा जास्त लागतं, एवढंच." शिंप्याच्या तोंडी हे शोभतही असे. रेडिमेड कपड्यांपुढे त्यांचं स्वतःचं दुकान टिकलं नाही, तेव्हा ते पाळण्यांच्या मोठ्या पार्कात कामाला लागले, त्याला आता अठरा वर्षं झाली होती. पाण्याच्या पंपाची खोली आणि रंगाचं कोठार यांच्या मधे त्यांची शिवणखोली होती. एक मशीन कापडाचं, एक रेक्झिनचं, मधे लांब टेबल आणि समोर खिडकी. खिडकीतून 'उसळी'चा पहिला चढ दिसायचा. उसळी म्हणजे पार्कातली सगळ्यात मोठी, रुळांवरून वर चढून धाडकन खाली येणारी गाडी. तिच्या चोवीसही खुर्च्यांच्या गाद्या मास्तरांच्या हातच्या होत्या.

हात म्हणाल तर सढळ. शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्त ठेवतात, पुढेमागे अंग भरलं तर उसवून कपडा सैल करता यावा म्हणून. शिंपी त्याला माया म्हणतात. बाकीचे दोन बोटं माया ठेवत असतील तर मास्तर तीन ठेवत. पार्कातल्या निम्म्या लोकांचे गणवेश त्यांनी त्या मायेच्या जोरावर पाच-पाच वर्षं चालवले होते. "माया न ठेवणारा शिंपी आणि मीठ न घालणारा स्वयंपाकी, दोघांच्याही हाताला चव नाही," असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते कोणी न विचारताही सांगत.

एका सोमवारी दुपारी शिट्टीताई फाटलेली गादी काखेत मारून शिवणखोलीत आली. ही उसळीच्या फाटकावरची बाई. गळ्यात सदा शिट्टी, म्हणून नाव शिट्टी. लोक खुर्चीत बसले की मांडीवर दांडा खाली ओढायचा, तो दोनदा 'टक' वाजला आणि हिरवा दिवा लागला की गाडी सोडायची, हे तिचं काम. दुसरा टक वाजला नाही तर त्या माणसाला उठवायचं, हेही तिचंच काम.

तिने गादी टेबलावर टाकली आणि स्टुलावर बसून राहिली.

"काय गं, शिट्टीतली हवा गेली का?"

"आज एका बाईंना उठवलं, मास्तर. लेकीला घेऊन आल्या होत्या. लेक आत बसलेली, आणि आई खाली उभी राहून तिला हात करत होती. हसत होती, पण कसं ते विचारू नका. मग लेकही उतरली."

"काय म्हणालीस त्यांना?"

"तुम्ही बसत नाही, म्हणाले. दुसरं काय म्हणणार?"

मास्तरांची सुई थांबली. "असं म्हणू नये. सदरा बसला नाही तर चूक सदऱ्याची. मी गिऱ्हाइकाला सांगतो का, की साहेब, तुम्ही सदऱ्याला बसत नाही? म्हणावं, खुर्ची तुम्हाला लहान पडते."

"बरं, तसं म्हणेन. तुमचं काय पण? रविवारी घरच्यांचा दिवस. नात येणार ना?"

मास्तरांनी सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा ओवलेलाच होता.

वर्षातून एक रविवार पार्कात काम करणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असे. नात सात वर्षांची. चार फुटांखालच्या मुलांना उसळीत बसायचं तर शेजारी घरचं मोठं माणूस हवं, असा नियम. मुलाच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, सुनेला झोपाळ्यावरही चक्कर येते, म्हणजे राहिले आजोबा. दोन वर्षं मास्तरांनी गुडघ्याचं निमित्त केलं होतं. या वर्षी नातीने वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की आमच्या आजोबांनी शिवलेल्या खुर्चीत आम्ही दोघं बसणार.

"मला नाही जमायचं," मास्तर म्हणाले, आणि मग आठ वर्षांत कोणाला न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली. अशाच एका रविवारी ते बसायला गेले होते. दुसरा टक वाजला नाही. तेव्हाच्या फाटकवाल्याने दांड्यावर गुडघा देऊन पाहिला, मग माइकवरून सांगितलं, "तिसऱ्या डब्यातले काका, खाली उतरा." रांगेतलं कोणीतरी हसलं. बायको जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तिच्यामागे खाण्यापिण्याचा ताळ राहिला नाही, म्हणून आपण सुटलो, असं मास्तरांनी मनाशी धरलं आणि पुन्हा त्या फाटकाकडे फिरकले नाहीत.

"म्हणजे कधीच नाही बसलात?"

"बसलो की. मी इथे लागलो त्याच वर्षी, गाडी नवी आली तेव्हा. बायको होती शेजारी. दोन टक, अगदी खणखणीत. गाडीत ती इतकी ओरडली की दोन दिवस घसा बसला होता."

"मग नंतर जाड झालात?"

"झालो असेन."

"असेन म्हणजे? शिंपी ना तुम्ही? स्वतःचं माप माहीत नाही?"

मास्तरांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथे त्यांच्या पँटच्या मापाचा खाकी कागद लटकत होता. "माझ्या पँटचा कागद तोच आहे, वीस वर्षांपूर्वीचा. त्याच्यावरच कापतो अजून."

शिट्टीने आधी कागदाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "मग जाड कोण झालं?" ती म्हणाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. चोवीस तास गळ्यात टेप, आणि आठ वर्षांत या माणसाने ती एकदा स्वतःच्या कमरेला लावली नाही. लाज वाटली की माणूस मापावर विश्वास ठेवत नाही, लोकांच्या हसण्यावर ठेवतो.

दुसऱ्या दिवशी पार्क उघडण्याआधी मास्तर गाडीच्या शेडमध्ये गेले. तिसऱ्या डब्यातल्या खुर्चीच्या पाठीत त्यांनी लांब दाभण खुपसलं, मागचा टणक पत्रा लागेपर्यंत. दाभणावर नखाने खूण धरली, बाहेर काढलं, टेप लावली. साडेतीन इंच. दुसरी खुर्ची, साडेतीन इंच. तिसरीही तेवढीच. मूळची गादी दीड इंचाची होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं, कारण त्या गादीवरूनच तर सगळं सुरू झालं होतं.

पहिल्या दिवशी उसळीतून उतरल्यावर बायको घरापर्यंत पाठ चोळत आली होती. "पाठीला लागतं हो," ती म्हणाली होती. "शिंपी आहात ना? काहीतरी करा." चौथ्या वर्षी रेक्झिन बदलायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी केलं. जुनी गादी तशीच ठेवली, तिच्यावर फोमचा नवा थर घातला आणि वरून नवं रेक्झिन ओढलं. पुढच्या वेळीही तसंच, त्याच्या पुढच्या वेळीही. तपासणीला येणारे लोक कुलूप बघत, बोल्ट बघत, दांडा ओढून बघत. गादी हे शिंप्याचं खातं, तिकडे कोण बघतो? करायला गेले एक आणि झालं भलतंच. कपड्यात माया ठेवली की माणसाला जागा होते. खुर्चीत तीच माया माणसाची जागा खाऊन बसली होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प राहिले असते तर कोणाला कळलं असतं? शिवाय एक विचार चोरपावलाने आलाच, की सगळ्या कशाला, एकच खुर्ची हळूच उसवली तर? रविवारी नात खूश, आपण खूश. मास्तरांनी खिशातून कात्री काढलीसुद्धा. पण खाली उभं राहून लेकीला हात करणारी ती बाई काही डोळ्यांपुढून हलेना. तिला तर आपण पाहिलंही नव्हतं. कात्री परत खिशात गेली आणि मास्तर इंजिनियर मॅडमच्या खोलीकडे निघाले.

मॅडम वयाने त्यांच्या मुलाएवढ्या, पण पार्कातले भलेभले त्यांच्यापुढे ताठ उभे राहत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाटातून खुर्चीचा मूळ नकाशा काढला आणि त्यावर बोट ठेवलं. पाठ, दीड इंच.

"कोणाला विचारून भर घातलीत?"

"कोणालाच नाही. पाठीला लागू नये म्हणून."

"मास्तर, हिरवा दिवा लागल्याशिवाय गाडी सुटत नाही म्हणून कोणाला इजा झाली नाही. नाहीतर तुम्ही आणि मी, दोघंही आज इथे नसतो. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. काढून टाकायचं असेल तर काढा मला. फक्त खुर्च्या आधी नीट करू द्या."

मॅडमनी नकाशाची घडी घातली. "इतकी वर्षं लोकांना उठवत आलो आपण," त्या म्हणाल्या, "आणि एकदाही खुर्ची मोजली नाही. तुम्ही नाही, मीही नाही." मग फोन उचलून त्यांनी उसळी बंद करायला सांगितली. "शनिवारी संध्याकाळपर्यंत चोवीसच्या चोवीस नकाशाप्रमाणे. एकेक मोजून घेणार आहे मी. आणि यापुढे मला विचारल्याशिवाय एक टाकाही घालायचा नाही."

मास्तर बाहेर आले आणि पंपाच्या खोलीला टेकून उभे राहिले. आयुष्यात त्यांना पुष्कळांनी मान दिला होता, पण चूक कबूल केल्यावर कोणी काम हातात दिलं नव्हतं. मॅडमचे उपकार कसे फेडायचे, हे त्यांना आजही कळलेलं नाही.

गाडी बंद म्हणून शिट्टीही रिकामी होती. ती उसवायला बसली. सगळ्यात वर तपकिरी रेक्झिन. एका तुकड्याच्या आतल्या बाजूला खडूची गिचमिड निघाली. तेव्हा नात तीन वर्षांची होती आणि टेबलाखाली बसून सापडेल त्यावर चित्रं काढायची. तो तुकडा मास्तरांनी बाजूला ठेवला. त्याखाली हिरवं. हिरव्याखालचा फोम शिट्टीने हातात घेतला आणि म्हणाली, "वरचा थर अर्ध्या इंचाचा होता मास्तर. हा मात्र अख्खा इंच कसा?"

"ती गेली त्या वर्षीचा आहे," मास्तर म्हणाले.

शिट्टीने तो फोम वेगळा ठेवला. त्याखाली निळं निघालं. तो फोम बायकोने कापून दिला होता, तिचा हात जरा डावीकडे जायचा, तशी कड वाकडी होती. आणि सगळ्यात तळाशी लाल, कारखान्यातून आलेलं, दीड इंचाचं. मास्तरांनी त्यावर तळहात ठेवला. खरोखरच कडक होतं, ती काही खोटं बोलली नव्हती. लाल गाद्या जिथे विरल्या होत्या तिथे नकाशात लिहिलेल्या जातीचाच फोम त्यांनी घातला, बरोब्बर दीड इंच, आणि वरून नवं करडं रेक्झिन ओढलं.

शनिवारी मॅडमनी खरंच चोवीस खुर्च्या मोजल्या, वजनं ठेवून रिकामी गाडी दहा वेळा फिरवली आणि कागदावर सही केली. मास्तरांनी आणखी एक गोष्ट विचारून करून घेतली. शेडमध्ये पडून असलेली एक जादा खुर्ची शिवणखोलीच्या अंगणात बसवली, दांड्यासकट, आणि तिला तिन्ही बाजूंनी पडदा शिवला. ज्याला शंका असेल त्याने रांगेत उभं राहण्याआधी तिथे बसून बघावं. बघणारं कोणी नाही, माइक नाही. रविवारी सकाळी तिथे पाच जण येऊन गेले. चौघं हसत बाहेर आले. पाचवा उंचापुरा, रुंद गडी, त्याला दुसरा टक काही लागेना. "खुर्ची तुम्हाला लहान पडते हो," मास्तर म्हणाले. तो म्हणाला, "चला, निदान कोणीतरी मला सोडून खुर्चीला नावं ठेवली." आणि मास्तरांशी हात मिळवून गेला. सगळ्यांना पुरेल अशी खुर्ची नव्हतीच ती. लेकीला हात करणारी बाई मात्र त्या दिवशी आली नाही. शिट्टी अजून रांगेत तिचा चेहरा शोधते.

नात आली ती मास्तरांनी शिवलेला फ्रॉक घालून, खालच्या दुमडीत चार बोटं माया सोडलेली. आजोबा पडद्याच्या खुर्चीत बसून बघायला तयार होईनात. काय व्हायचं ते तिथेच होऊ दे, म्हणाले. तिसऱ्या डब्यात दोघं शेजारी बसले. शिट्टीने आधी नातीचा दांडा ओढला. टक, टक. मग मास्तरांपुढे आली. तिने दांडा दोन्ही हातांनी धरून खाली ओढला.

एक टक वाजला. मास्तरांनी डोळे मिटले. बायकोशेजारी बसले होते तेव्हाही मिटले होते, पण तेव्हा भीती चढाची होती.

दुसरा टक वाजला.

"मास्तर," शिट्टी हळूच म्हणाली, "खुर्ची बसली तुम्हाला." हिरवा दिवा लागला आणि ती पटकन पुढच्या डब्याकडे वळली, कारण फाटकवालीने कामावर असताना रडायचं नसतं.

मास्तरांना तिचे आभार मानायचे होते, मॅडमचे मानायचे होते, खिळ्यावरच्या त्या खाकी कागदाचेसुद्धा. पण गाडी सुटायच्या बेतात होती. शेजारी नात चुळबुळत होती. ती मागे टेकली, पुन्हा पुढे झाली, आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "आजोबा, पाठीला लागतं हो."

अठरा वर्षांनी तेच शब्द, तीच तक्रार, तीच जागा.

"आजोबा, तुम्ही शिंपी आहात ना? काहीतरी करा."

"नाही बाळा," मास्तर म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "एकदा केलं होतं. आता असू दे. घरी गेल्यावर पाठ चोळून देतो."

गाडी हलली आणि चढाला लागली.