समाजमंदिरातली बॉम्बर विमानं

मी नाशिकच्या सिडकोत केबलचा धंदा केला, तेव्हापासूनचं माझं मत आहे की मालिकेपेक्षा मालिका बघणारे जास्त बघण्यासारखे असतात. डिश आली, मग मोबाइल आला, माझ्या वायरी खांबांवर नुसत्याच लोंबकळत राहिल्या, पण किस्से काही थांबले नाहीत. घरात जुने चार्जर कुणी न आणता साठतात ना, तसंच यांचं आहे. गेल्या हिवाळ्यातले तर आमच्या कॉलनीत अजून रोज कुणीतरी उकरून काढतंच.

झालं असं, की कॉलनीच्या समाजमंदिरात मोठा टीव्ही आला. ज्येष्ठ नागरिक मंडळाने रिमोट माझ्या हातात दिला. "तू केबलवाला, तुला कळतं त्यातलं." माझ्या मुलाने एक मालिका लावून दिली. दुसऱ्या महायुद्धातली, बॉम्बर विमानांतल्या पोरांची, हिंदीत डब केलेली. दर रविवारी दुपारी एक भाग. मला वाटलं, दोन रविवारांत सगळे कंटाळतील. कसलं काय, तिसऱ्या रविवारी खुर्च्या कमी पडल्या.

खरं सांगू, मला फार बरं वाटलं. एकेकाळी ऐन मालिकेत केबल गेली की अख्खी गल्ली माझ्या दारात शिव्या घालायला यायची. त्या शिव्यासुद्धा मी मिस करत होतो.

* * *

पहिला मान निकम आप्पांचा. निफाडकडची द्राक्षबाग मुलाच्या हाती देऊन आप्पा नाशकात राहायला आले, पण जीव अजून बागेतच.

पहिल्याच भागात एक बॉम्ब चुकून कारखान्याऐवजी शेतात पडला. आम्ही सगळे वर विमानाकडे बघतोय, आप्पा खाली.

"ते शेत कुणाचं हाय?"

मी म्हटलं, "असेल कुणातरी जर्मन शेतकऱ्याचं."

"पीक उभं होतं रे. काढणीला आलं होतं."

मग विमानं वळली, गोळीबार झाला, एक विमान पेटलं. आप्पांचं लक्ष नाही. "पंचनाम्याला कुणी गेलं का नाय?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. शेवटी भाग संपला, पडद्यावर नावं सरकायला लागली. आप्पांनी ती संपेपर्यंत बघितली.

"एवढी माणसं कामाला लावली," ते म्हणाले, "पण एक तलाठी नाय त्यांच्यात."

* * *

सोनवणे मनमाडला रेल्वेत गार्ड होते. पहिले दोन भाग ते वैमानिकांचे सगळ्यात मोठे भक्त. बॉम्ब नेमका पडला की मांडीवर थाप आणि "शाब्बास!"

तिसऱ्या भागात टार्गेट निघालं रेल्वेचं यार्ड.

सोनवणे उभेच राहिले. "यार्ड? यार्डाने काय घोडं मारलंय यांचं?" तेवढ्यात बॉम्ब पडले, रूळ वाकले, मालगाडीच्या वाघिणी उलट्या झाल्या. "अरे, त्या केबिनमध्ये माणूस ड्यूटीवर असतो," म्हणत ते चपला घालून निघूनच गेले. जाता जाता मागच्या माणसाला म्हणाले, "हे लोक काही खरे नाहीत."

पुढच्या रविवारी येणार नाहीत असं वाटलं होतं. आले. पण बसण्याआधी माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "आजचं टार्गेट काय?"

"बेअरिंगचा कारखाना."

"मग चालेल," म्हणून बसले.

पाटीलबाईंना राहवलं नाही. "अहो, तुमचे जावई अंबडला बेअरिंगच्याच कारखान्यात आहेत ना?"

सोनवणे म्हणाले, "त्याला रविवारी सुट्टी असते."

* * *

आता या पाटीलबाई. आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे समोरच्या पोरांची नावं माहीत नसली की त्यांना चैन पडत नाही. आणि मालिकेतली पोरं विमानात बसली की सगळ्यांच्या तोंडावर मास्क. कोण कुठला, काही पत्ता लागेना. बाईंनी त्यावर तोडगा काढला. प्रत्येकाला कॉलनीतल्या आपल्या एकेका विद्यार्थ्याचं नाव देऊन टाकलं. हा राजू, तो देवरेंचा धाकटा, आणि शेपटीकडे बंदूक घेऊन बसायचा तो पिंट्या. म्हणजे आहेरवहिनींचा मुलगा, सध्या पुण्यात नोकरीला. हॉलमध्ये सगळ्यांच्या तोंडी तीच नावं बसली. "पिंट्या आज गप्प का?" वगैरे.

पाचव्या भागात विमानाच्या शेपटीने पेट घेतला. पाटीलबाई कळवळून म्हणाल्या, "गेला गं बाई, पिंट्या गेला."

नेमक्या त्याच क्षणी आहेरवहिनी चिवड्याचा डबा घेऊन दारात. त्या तोवर एकदाही आल्या नव्हत्या. डबा गेला एकीकडे, वहिनी मटकन खाली बसल्या.

त्यांना पाणी पाजलं, सगळं समजावलं, तरी त्यांनी पुण्याला फोन लावलाच. पिंट्या दुपारचा झोपला होता. वहिनींनी त्याला व्हिडिओवर उठवून बसवलं आणि घरी जाऊन मीठ-मोहऱ्यांनी मोबाइलची दृष्ट काढली.

मंडळाने त्याच संध्याकाळी ठराव केला, कॉलनीतल्या पोरांची नावं मालिकेत वापरायची नाहीत.

"हरकत नाही," पाटीलबाई म्हणाल्या. "माझ्या सासरची देते."

* * *

गायकवाडकाकांचं मात्र आम्हाला कळत नव्हतं.

काका नांदगावकडचे. तरुणपणी हवाई दलात होते, जमिनीवरच्या कामाला. विमानाला बॉम्ब लावायचं काम त्यांचं. एकाहत्तरची लढाई त्यांनी तशीच काढली. आम्हाला वाटलं होतं, हा माणूस आता मालिकाभर आपल्याला शिकवणार. तर काका करायचे काय? विमानं उडाली की उठायचे आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. ऐन लढाईच्या वेळी! परत येणाऱ्या विमानांचा आवाज आला की दारात येऊन उभे राहायचे. सगळी उतरली की खुर्चीत.

मी एकदा म्हटलं, "काका, खरी मजा तर तुम्ही बाहेर असता तेव्हाच असते."

"विमान गेलं की आमचं काम वाट बघायचं," काका म्हणाले. "वर काय होतं ते आम्ही कधी पाहिलंच नाही. आता कशाला बघू?" मग म्हणाले, "यांच्या एका विमानात दहा-दहा जण जातात. आमचा एकटाच जायचा."

* * *

त्यातलं थोडंफार कळलं ते काकांच्या बायकोकडून, शांताकाकूंकडून. मंडळाचा चहा त्याच करायच्या. एकदा मी आणि पाटीलबाई कप विसळत होतो, तेव्हा काकू आपणहून बोलल्या.

"लढाईनंतर हे घरी आले, तेव्हापासून डिसेंबरात एक दिवस जेवत नाहीत. त्यांचं एक विमान आलं नाही, एवढंच मला माहीत. त्यातले साहेब कोण, कुठले, नाव काय, काही सांगत नाहीत. विचारलं की बाहेर जाऊन बसतात."

"आणि तुम्ही?" पाटीलबाईंनी विचारलं.

"मीही नाही जेवत. सासूचा दिवस एवढा पाळला नाही मी." काकू हसल्या, मग हातातला कप पुसत म्हणाल्या, "इतकी वर्षं उपाशी राहते त्याच्यासाठी. निदान नाव तरी कळू दे हो मला. आता यांचंही वय झालं. न सांगताच गेले तर मी कुणाचा दिवस पाळू?"

त्यानंतर दर रविवारी माझं अर्धं लक्ष दाराकडेच असायचं.

* * *

शेवटचा भाग. हॉल गच्च भरलेला. विमानं उडाली, काका बाहेर गेले. आवाज आला, काका दारात येऊन उभे राहिले.

तोपर्यंत मालिकेत विमान पडलं की लगेच पुढचा सीन ऑफिसर लोकांच्या बारमधला असायचा. या वेळी तसं नव्हतं. सगळी विमानं उतरली, एक आलं नाही, आणि कॅमेरा खालच्या माणसांवरच राहिला. हातात नट आवळायचे पाने, शिड्या, आणि सगळ्यांच्या माना वर. आभाळ रिकामं. बराच वेळ तसाच गेला. मग त्यांचा साहेब आला आणि म्हणाला, चला, सामान उचला. माणसं वाकून शिड्या उचलायला लागली.

"थांबा रे," दारातून आवाज आला. "जरा थांबा. येतील."

मी वळून पाहिलं. काका टीव्हीशीच बोलत होते.

मी पॉज दाबला. शिडीला हात लावलेली माणसं तिथल्या तिथे थांबली. काकू चहाच्या टेबलापासून उठून दाराशी गेल्या आणि काकांच्या शेजारी उभ्या राहिल्या. काहीच विचारलं नाही त्यांनी. काका पडद्याकडे बघत राहिले. मग जरा वाकून त्यांच्या कानात काहीतरी म्हणाले. एक नाव असावं. आम्हाला ऐकू आलं नाही.

काकूंनी पदराने डोळे पुसले. मग अगदी घरातल्यासारखं विचारलं,

"त्यांना आवडायचं काय हो?"

"चहा," काका म्हणाले. "स्वतःचा कप असायचा त्यांचा. पण माझ्याच मगातला प्यायचे."