बागलाणच्या किल्ल्यावर नाईक साळवे

फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो तेव्हा चाळिशी नुकतीच उलटली होती. मग नाशिकमध्ये एका बँकेच्या दारावर गार्ड म्हणून उभा राहिलो. साठ झाली आणि तीही नोकरी संपली. बायको आधीच गेलेली, मुलगी सासरी. सवयीनं पहाटे जाग यायची, पण उठून करायला काही नव्हतं. महिनाभरात मी दाढी करणंही सोडलं.

अशात नाईक पुंडलिक साळवे घरी आला. फौजेच्या सिग्नल्स विभागात आम्ही कित्येक वर्षं एकाच वायरलेस सेटवर बसलो होतो. तो नाशिकरोडला राहायचा. माझ्याकडे बघून म्हणाला, "उद्या सकाळी बूट घालून तयार राहा. ऑर्डर समज."

"मी हवालदार. एक हुद्दा खालचा नाईक मला ऑर्डर देणार?"

"दाढी केलेल्या हवालदाराला दिली नसती."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला डोंगर चढवला. मग दर रविवारी. हळूहळू आणखी रिटायर लोक आले: शिक्षिका मोरेबाई, कारकून, एक एसटी कंडक्टर. साळवे पुढे, मी शेवटी, दोघांकडे वॉकीटॉकी: तो अल्फा, मी ब्राव्हो. मला पुन्हा ड्यूटी मिळाली होती.

मार्चमध्ये आम्ही सटाण्याकडच्या एका किल्ल्यावर गेलो. कातळात खोदलेल्या पायऱ्या, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दरी. खालच्या गुहेत दुसऱ्या कुणीतरी चूल पेटवली. धूर वरच्या कड्याला लागला. तिथं आग्या मोहोळ होतं.

आधी नुसता आवाज आला. मग माश्या आल्या.

वॉकीटॉकीवर साळवे बोलला. "अल्फा फॉर ब्राव्हो. माझी माणसं दरवाजाच्या आत आहेत. तुझी? ओव्हर."

"खाली झाडीत नेतोय. मोरेबाई पायऱ्यांवर मधेच बसल्यात. उठत नाहीत. ओव्हर."

"दिसल्या. मी जातो. तू माणसं ने. आउट."

त्यानं जॅकेट काढून बाईंना गुंडाळलं आणि स्वतः त्यांच्यावर आडवा झाला. मी झाडीतून बघत होतो. त्याची मान, पाठ काळी दिसत होती. मी दोनदा वर निघालो, दोन्ही वेळा माश्यांनी मागे ढकललं.

"ब्राव्हो... बाई ठीक आहेत. माझा घसा आवळतोय."

"अल्फा, येतोय मी. अल्फा, ओव्हर."

त्याचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. नुसती घरघर ऐकू येत होती.

माश्या पांगल्यावर आम्ही चौघं वर गेलो. साळवेचा चेहरा ओळखू येत नव्हता. दोन काठ्यांत जॅकेटं ओवून स्ट्रेचर केलं. फोनला रेंज नव्हती. उतारावर शेळ्या चारणारी एक बाई धावत आली. "ती वाट लांब शे. मन्हा मांगे या," ती अहिराणीत म्हणाली आणि जवळच्या वाटेनं पुढे झाली.

साठी ओलांडलेली माणसं आम्ही. गुडघे दुखत होते, हात सुटत होते. दर थोड्या वेळानं खांदे बदलत होतो. थांबूया असं कुणी म्हटलं नाही. कंडक्टर चालता चालता रडत होता.

"साळवे, जागा राहा. ऐकतोयस ना?"

त्यानं माझं बोट दाबलं. रेंज आल्यावर अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. गावातली पहिली घरं दिसायला लागली आणि त्याचा श्वास थांबला. मी छाती दाबत राहिलो. अ‍ॅम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांनी शेवटी माझे हात धरून मला बाजूला केलं.

त्यानंतर ग्रुप मोडला. मीही दार लावून घेतलं.

काही आठवड्यांनी साळवेची बायको, शोभावहिनी, मोरेबाईंना घेऊन आली. "भाऊजी, ते पडले ती जागा मला बघायचीय."

"वहिनी, मला नाही जमणार."

"मला तरी कुठं जमतंय? पण जायचंय."

पावसाळा सरल्यावर, मोहोळ उठून गेल्याची गावात खात्री करून आम्ही निघालो. जुने सगळे आले. वहिनी आयुष्यात कधी डोंगर चढल्या नव्हत्या. मी पायरी दाखवली. त्या तिथं बसल्या, कातळावरून हात फिरवला.

मग त्यांनी विचारलं, "वर काय आहे?"

"माथा."

"मग इथूनच कशाला परत फिरायचं?"

माथ्यावर वारा होता. मी सगळ्यांना एका रांगेत उभं केलं आणि 'सावधान' दिलं. वाकलेल्या पाठी जमेल तशा ताठ झाल्या. मी मोठ्यानं म्हणालो, "नाईक पुंडलिक साळवे." सॅल्यूट केला.

'विश्राम' म्हणायला मला फार वेळ लागला. तोवर कुणीही हललं नाही.