पैलवानाचा कान

माझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी. आणि काम मिळालं ते दिवसभर एका खुर्चीत बसून माणसांच्या कडेनं रेघ ओढायचं. दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी कोल्हापुरात एका छपाईच्या दुकानात संगणकावर पोस्टरं जुळवत होते. फोटो स्कॅन करायचा, पेन टूल घेऊन माणसाभोवती ठिपके टाकत जायचं, दोन ठिपक्यांमधली रेघ हवी तशी वळवायची. फेरी पूर्ण झाली की मागची भिंत, पडदा, झाड सगळं उडवायचं. त्या रेघेला पाथ म्हणतात. नीट पाथ मारायचा तर बूड स्थिर हवं, आणि माझं ते कधीच नव्हतं. पाय हलायचा, टेबल हलायचं, ठिपका भलतीकडेच पडायचा. त्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. कमीत कमी ठिपक्यांत माणूस कापून मोकळं व्हायचं, यालाच मी हुशारी समजत होते.

जत्रांचे दिवस आले की कुस्तीच्या मैदानांची पोस्टरं यायची. कागलकडच्या एका गावाचं असंच एक आलं. अठरा पैलवानांचे अठरा फोटो, आणि जत्रेच्या कमिटीला दुसऱ्याच दिवशी छपाई हवी. मी भराभर पाथ मारले. पोस्टर छापून गेलं, गावोगाव चिकटलं आणि मी ते विसरूनही गेले.

चार दिवसांनी सकाळी त्यातला एक पैलवान दुकानात आला. माझ्याच वयाचा, बावीस-तेवीसचा. हातातलं पोस्टर त्यानं टेबलावर पसरलं आणि स्वतःच्या फोटोवर बोट ठेवलं.

"ताई, ह्यो कोण हाय?"

"तुम्हीच की."

"मग माझा कान कुठं हाय?"

मी त्याच्याकडे पाहिलं. उजवा कान रगडून रगडून मोडलेला, गाठीगाठींचा. पोस्टरवर मात्र छान गोल. मी कोल्हापुरात वाढलेली. मोडलेला कान ही पैलवानाची कमाई असते हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण त्या गाठींभोवती फिरायला वीस-पंचवीस ठिपके लागले असते. मी तीन ठिपक्यांत कमान काढली होती आणि आतल्या घड्यांवर ब्रश फिरवला होता. वर मनात म्हटलंही होतं, चांगला दिसेल बिचारा.

"चांगला दिसतोय की," मी म्हटलं. चूक कबूल करायची सवय तेव्हाही नव्हती.

"दिसतोय. पर आबा वळखंनात मला."

आबा म्हणजे त्याचे वडील. अर्धं अंग लुळं पडून वर्षभर अंथरुणाला खिळलेले. मैदानाला येणं शक्य नाही, म्हणून यानं पोस्टर घरी नेऊन दाखवलं. आबांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे खाली छापलेल्या नावाचा उपयोग शून्य. त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, ह्यो माझा पोरगा न्हवं. तुला कुस्तीच्या जोडीतनं काढलंय आन् तू मला फसवतोयस. त्यानंतर बोलणं बंद, जेवण बंद.

"उद्या मैदान हाय," तो म्हणाला. "त्यें माझ्याशी बोलंनात, तर मी मातीत उतरू कसा?"

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडते. तणतणत फाइल उघडली. मूळ फोटो कमिटीकडे परत गेलेला, आणि मूळ स्कॅनवरच मी गोल कानाचं चित्र सेव्ह केलेलं, म्हणजे खरा कान तिथंही पुसलेला. आता कान समोर बघूनच काढावा लागणार होता.

"बसा. मान तिकडं करा."

परक्या पुरुषाच्या कानाकडे टक लावून बसायचं, तेही मालक पेपराआडून बघत असताना! ठिपका टाकला, पुसला, पुन्हा टाकला. "हितं अजून एक गाठ हाय," तो बोटानं दाखवायचा. निम्मा कान झाला आणि वीज गेली. सेव्ह केलेलं नव्हतं. पाऊण तास तो दार ते खुर्ची येरझारा घालत राहिला आणि मी पाय हलवत. वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. या वेळी प्रत्येक ठिपक्याला सेव्ह केलं.

रंगीत प्रिंट काढून दिली. त्यानं ती दारातल्या उजेडात धरून पाहिली आणि एस.टी. गाठायला पळाला. धन्यवाद वगैरे काही नाही.

दुपारी दुकानात त्याचा फोन आला.

"ताई, आबांनी वळखलं. वरच्या गाठीवर बोट ठिवलं आन् म्हनलं, ही माझ्या हातची. बारा वर्साचा हुतो मी तवा. शेतात डाव शिकवताना त्येंनीच माझं मुंडकं दाबून धरलीलं. लई रडलोतो. मला वाटलं हुतं, त्येंच्या ध्यानातबी नसंल." आणि शेवटी म्हणाला, "आता जेवाय लागल्यात."

मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी मालकांकडे स्वतःहून चहा मागितला. चहा येईपर्यंत बसवेना, म्हणून फाइल बंद करायला गेले, तर नजर बाकीच्या चेहऱ्यांवर गेली. एकेकाचा कान मोठा करून पाहू लागले. पहिला, दुसरा, पाचवा. सतराच्या सतरा गोल, गुळगुळीत, प्रत्येकी तीन ठिपक्यांचे.