सतरा इंचाचं खोगीर

मी शर्यतीच्या घाटात पडल्याचा व्हिडिओ सकाळपासून फिरवताय ना? मग हेही वाचा राव.

बैलगाड्यापुढं घोडी पळवताना मी मामाच्या हरणीवर नुसतं पोतं टाकून बसायचो. पण आज कॉलेजातली एक पोरगी शर्यत बघायला येणार होती. कॉलेज सोडलं मी, तिचा नाद काही सुटला नाही. रुबाब म्हणून पुढं मूठ असलेलं वेस्टर्न खोगीर मागवलं. पुण्यात क्लबात घोडे फिरवायचो तेव्हा इंग्लिश खोगीर सतरा इंचाचं बसायचं, म्हणून हेही सतराच घेतलं.

मामा म्हणाला, "आरं, यात तू बसलायस का हरवलायस? लई मोठं व्हतंय. काढ ते."

मी भडकलो. "मामा, तुमाला यातलं काय कळतंय?"

घोडी सुटली आणि मी त्या ढिल्या बैठकीत मागं घसरलो. तोल सावरायला लगाम खेचला. हरणी जागीच थबकली आणि मागून बैल तिच्यावर येऊन आदळले.

आत्ता मोबाइलवर वाचलं, दोन्ही खोगिरांची बैठक वेगवेगळी मोजतात. वेस्टर्न साधारण दोन इंच लहान घ्यायचं. मला पंधरा पुरलं असतं.

हरणीचा मागचा पाय मोडलाय. डॉक्टर म्हणाले, आता इंजेक्शन देऊन तिला यातनांतून सोडवावं लागेल. मामा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलाय, माझ्याकडं बघत नाही.

तेवढ्यात त्या पोरीचा मेसेज आला, "घोडी कशी आहे?" माझं काहीच विचारलं नाही.

काय लिहू तिला? सांगा कुणीतरी.